दोरी बांधायला एक कडी तरी द्या

माझ्या मोटारसायकलच्या माहितीपत्रकावर एक छायाचित्र आहे. मागे बर्फाचे डोंगर, पुढे निर्मनुष्य रस्ता आणि मधोमध ती गाडी, जिच्या मागच्या सीटवर उशीएवढी एक वळकटी दोन चामडी पट्ट्यांनी आवळून ठेवलेली आहे. त्या वळकटीत गाडीवरचा गृहस्थ नेमके काय घेऊन निघाला आहे, हा प्रश्न मला गेले तीन दिवस छळतो आहे. त्याचा रेनकोट कुठे आहे? जास्तीची ट्यूब त्याने घेतली नाही का? रात्री तो पायात काय घालतो? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते दोन पट्टे त्याने गाडीला नेमके कुठे अडकवले? कारण तीच गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, मी टॉर्च घेऊन आणि गुडघे टेकून तिच्या मागच्या भागाची इंच न् इंच तपासणी केली आहे, आणि पट्टा अडकवण्यासाठी म्हणून मुद्दाम केलेली एकही कडी, एकही हूक किंवा साधे एक भोकही तिला नाही.

मला परवा पहाटे पुण्याहून लेहला निघायचे आहे. नाशिक, इंदूर, कोटा, जयपूर, चंडीगड, मनाली असा मार्ग असून जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर होईल. एवढ्या प्रवासाआधी माणसाने इंजिनाची, ब्रेकची, साखळीची काळजी करावी. मी मात्र गाठींची काळजी करत बसलो आहे. ज्या कंपनीने ही गाडी लांबच्या प्रवासाची सोबती म्हणून माझ्या गळ्यात मारली, तिच्या एकाही अभियंत्याने आयुष्यात एकदाही दुचाकीवर सामान बांधलेले नसावे, अशी माझी आता खात्री झाली आहे. मोबाइल चार्ज करायला यूएसबीचे छिद्र दिले, घड्याळात रंग बदलण्याची सोय दिली, आणि चार लोखंडी कड्या देताना मात्र हात आखडला. शोरूममध्ये तक्रार केली, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने अत्यंत गोड आवाजात सांगितले, की सामानाचा रॅक ॲक्सेसरीमध्ये येतो, तो वेगळा विकत घ्यावा लागतो, सध्या तो उपलब्ध नाही, आणि बाहेरून वेल्डिंग करून घेतले तर वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. म्हणजे गाडीबरोबर तुम्ही देणार नाही, पैसे मोजले तरी मिळणार नाही, आणि मी माझे करून घेतले तर तुम्हाला चालणार नाही. घरी येऊन माहितीपत्रक पुन्हा उघडले, तेव्हा त्या छायाचित्राखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेले सापडले, की चित्रात दाखवलेल्या वस्तू मूळ किमतीत समाविष्ट नाहीत. डोंगर तेवढे फुकट दिसतात.

आज माझे सामान गाडीच्या ज्या ज्या भागांना लटकते, ते सगळे भाग मुळात दुसऱ्याच कुणासाठी केलेले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३व्या नियमाने मागच्या सीटची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण बसवणे बंधनकारक केले आहे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. तोच आपला साडी गार्ड. बाईमाणसाच्या पदराचा विचार करणारे कोणीतरी नियम लिहिणाऱ्यांत होते, याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही, कारण माझी डावी पिशवी चाकात जात नाही ती केवळ त्या साडी गार्डमुळे. मागची दोरी मी बांधतो तीही त्या धरायच्या मुठीलाच. नियमाची सक्ती नसती, तर कंपनीने एवढेही लोखंड दिले असते की नाही, याची मला शंका आहे. सामानाला मात्र ना पदर, ना वाली.

उजव्या बाजूला साडी गार्ड नाही; तिथे सायलेन्सर आहे. मागच्या वर्षी हंपीला जाताना उजवी पिशवी खड्ड्यांतून हळूहळू खाली सरकली आणि त्या सायलेन्सरला टेकली. मला त्याचा पत्ता लागला तो वासामुळे, आणि तोपर्यंत पिशवीच्या तळाला तळहाताएवढे भोक पडून आतला टॉवेल नायलॉनच्या चिखलाला कायमचा चिकटला होता. तेव्हापासून उजवी पिशवी मी अर्धीच भरतो, म्हणजे ती उंचावर राहते. पण पुढचा घोळ इथेच सुरू होतो. मनालीच्या पुढे लाहौलमधल्या टांडी गावच्या पेट्रोल पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे, आणि चढावर खालच्या गिअरमध्ये धापा टाकणारी गाडी सपाटीवरचे ॲव्हरेज देत नाही, त्यामुळे पाच लिटरचा डबा बरोबर हवाच. पाच लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ पावणेचार किलो. तो डबा सायलेन्सरच्या बाजूला ठेवणे म्हणजे आत्महत्या, म्हणून तो डावीकडे गेला. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे, म्हणून पाने, टायर काढायच्या पट्ट्या, हवेचा पंप, दोन ट्यूब आणि क्लचची केबल उजवीकडे जायला हवी. पण उजवी पिशवी अर्धीच भरायची आहे. उरलेले सगळे मागच्या सीटवर रचावे, तर मागच्या चाकाच्या आसापलीकडे वजन जाऊन पुढचे चाक हलके होते, आणि वेग वाढला की हँडल थरथरू लागते. हे कोडे मी तीन रात्री सोडवतो आहे. यात मी काही नवे शोधत नाही. हे गणित ज्याने गाडीचा आराखडा काढला त्याने कागदावर तासाभरात सोडवायला हवे होते, आणि तेवढ्यासाठी मी पैसे मोजले आहेत असा माझा समज होता.

पिशव्या विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण बोलणार आहे. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त झाला आहे, की तो दिसला की मी आता आधी शिलाई उलटी करून बघतो. कापड खरेच पाणी धरत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच कापडाला सुईने हजार भोके पाडून दोरा ओवलेला असतो, आणि त्या भोकांवर आतून टेप चिकटवायची तसदी कोणी घेतलेली नसते. मग दुकानदार म्हणतो, की साहेब, पावसासाठी आत वेगळे कव्हर दिले आहे. अहो, पिशवी वॉटरप्रूफ असेल तर कव्हर कशाला, आणि कव्हर लागत असेल तर ती वॉटरप्रूफ कशी? हे कव्हर म्हणजे इलॅस्टिक ओवलेली एक टोपी असते. ताशी ऐंशीचा वेग गाठला की त्यात वारा भरून त्याचे शीड होते आणि एखाद्या ट्रकच्या काचेवर जाऊन बसायला ते मोकळे होते. ते जागेवर राहिलेच, तर वरून झिरपलेले पाणी त्याच्या तळाशी साचते, बाहेर पडायला वाट नसते, आणि तुमचे कपडे पावसात भिजण्याऐवजी बादलीत भिजतात. गेल्या जूनमध्ये मंचर ओलांडून नारायणगावात पोहोचेपर्यंत, म्हणजे घर सोडल्यापासून दोन तासांच्या आत, माझ्या ‘वॉटरप्रूफ’ पिशवीतले तीन दिवसांचे कपडे मी एका चहाच्या टपरीमागे पिळत उभा होतो. त्या प्रवासात कोरडी राहिली ती एकच वस्तू, खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली चादर. ती गोणी मला फुकट मिळाली होती.

या वेळी हे सगळे जास्त जिवावर येते, कारण एकाच प्रवासात तीन ऋतू भरायचे आहेत. इथून निघताना जूनचा पाऊस, कोटा-जयपूरला चाळिशीच्या पुढचे ऊन, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत सुमारे ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड आणि सरचूच्या तंबूतली शून्याच्या आसपासची रात्र. ‘कमीत कमी सामान घे’ असे शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की यातला नेमका कोणता ऋतू घरी ठेवू, तेवढे सांगा. दुसऱ्या टोकाला माझी आत्या आहे. “तिकडे काय खायला मिळतंय का तुला?” असे म्हणून तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकुटाची बरणी आणून दिली आहे. काचेची बरणी. मी काही बोललो नाही, कारण आत्याशी वाद घालण्यापेक्षा बारालाचा सोपा. लाडू मात्र साखळीच्या तेलाच्या स्प्रेपासून लांब ठेवायचे आहेत. हंपीच्या वेळी चिवड्याला जी चव आली होती, ती अजून जिभेवर आहे.

एवढे करून बांधायचे कशाने, तर त्या हूकवाल्या लवचीक दोऱ्यांनी. कडी नसल्यामुळे हूक अडकवायचा कुठे, तर मुठीच्या खाली, फूटरेस्टच्या दांड्याला, नंबर प्लेटच्या पत्र्याला, जिथे जमेल तिथे. ताणलेला हूक निसटला की तो डोळ्याच्या दिशेने येतो, हे माझ्या चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा सांगेल. आणि ही कसरत एकदा करून भागत नाही. टाकीवर ठेवलेली पिशवी प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरवायची, कारण झाकण तिच्याखाली आहे आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत आहेत. रोज संध्याकाळी लॉजवर नऊ गाठी सोडायच्या, चार पिशव्या जिन्याने वर न्यायच्या, पहाटे त्याच जिन्याने उतरवून त्याच नऊ गाठी अंधारात मारायच्या. जाण्या-येण्याच्या चौदा दिवसांत किती गाठी होतात, तो हिशेब मी केला आणि मग ती वही मिटून ठेवली.

आज पहाटे मी हीच तालीम करत असताना आमच्याकडे दूध घालणारे काका आले. त्यांची गाडी शंभर सीसीची, वीस वर्षांची, रंग उडालेली. तिच्या मागच्या भागाला अँगलचा एक सांगाडा बसवला आहे, त्याला दोन्ही बाजूंनी जाड हूक आहेत, आणि त्या हुकांना दुधाचे भरलेले कॅन लटकतात. पावसात, खड्ड्यांत, रोज पहाटे. त्यांना एकही गाठ मारावी लागत नाही. कॅन उचलायचा आणि अडकवायचा. काकांनी माझ्या गाडीकडे, दोऱ्यांच्या जाळ्याकडे आणि गोणीकडे बराच वेळ पाहिले.

“कुठं निघालाय, साहेब?”

“लेहला. लडाखला.”

“आन् असंच बांधून?”

मी त्यांना वॉरंटीचे सांगितले. त्यांना ते काय ते नीट कळले नाही, किंवा कळूनही त्यांनी तसे दाखवले नसेल. त्यांनी फक्त त्यांच्या वेल्डरचे दुकान कुठे आहे ते सांगितले, आणि काम करताना त्याला बॅटरीची वायर आधी काढायला लावा, एवढे बजावले.

उद्या सकाळी नऊ वाजता मी त्या दुकानात जाणार आहे. दोन्ही बाजूंना सांगाडा, सायलेन्सरपासून चार बोटे लांब, आणि चारही कोपऱ्यांना जाड कड्या, असे कागदावर काढून ठेवले आहे. माहितीपत्रकही बरोबर नेणार आहे. ठिणग्या उडतील तेव्हा सीटवर पसरायला काहीतरी लागेलच, आणि त्याचा कागद चांगला जाड आहे.