एक नंबरचा पोर्ट, डबल केबल आणि रंगांचा क्रम: त्या मेसेजमधलं काय चुकतंय

सोलापुरातल्या दुकानदार-कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. नेटवर्क स्विचची (ऑफिसातली सगळी मशीन केबलने जोडणाऱ्या डब्याची) मेन लाइन एक नंबरच्या पोर्टलाच (केबल खोचायच्या जागेलाच) लावा, जितके पोर्ट भराल तितका स्पीड वाटला जातो, दोन स्विचमध्ये दोन केबल टाका म्हणजे स्पीड दुप्पट, आणि दोन्ही टोकांना सारखे असले की वायरींचे रंग कुठल्याही क्रमाने चालतात. या चारही गोष्टी चूक आहेत आणि शेवटच्या दोन तर बिलिंग बंद पाडतात.

एक नंबरचं आधी. साध्या स्विचचे सगळे पोर्ट सारखेच. कुठल्या पोर्टवर कुठलं मशीन आहे, हे स्विच मॅक ॲड्रेस (प्रत्येक मशीनचा स्वतःचा नंबर) वाचून आपलं आपण शिकतो. राउटर पाचव्या पोर्टला लावा, काही बिघडत नाही. कॅमेऱ्यांच्या पीओई स्विचवर (जो केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देतो) मात्र ‘अपलिंक’ असं छापलेले पोर्ट वेगळे असतात, राउटर तिथेच लावायचा.

स्पीड वाटला जायचा तो जुन्या हबमध्ये, म्हणजे आलेला संदेश सगळ्याच पोर्टवर सोडणाऱ्या डब्यात. स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला त्याचा पूर्ण वेग मिळतो. वाटलं जातं ते बाहेरून येणारं इंटरनेट.

आता डबल केबल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. स्विचचे सगळे दिवे एकदम, एकाच ठेक्यात लुकलुकत होते आणि एकाही कॉम्प्युटरवर बिल निघत नव्हतं. जास्तीची केबल उपसली आणि काही सेकंदांत सगळं सुरू झालं. कारण असं, की सगळ्यांसाठी म्हणून सोडलेला ब्रॉडकास्ट संदेश एका केबलने जातो, दुसरीने परत येतो आणि पुन्हा निघतो. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) फ्रेमला, म्हणजे संदेशाच्या पाकिटाला, संपायची मुदतच नसते, त्यामुळे हे फेरे थांबत नाहीत आणि लाइन तुंबते. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री (जास्तीची वाट आपोआप बंद ठेवणारी पद्धत), अमेरिकी संगणकतज्ज्ञ राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधला, पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये तो सहसा नसतो. दोन केबल खरंच एकत्र वापरायच्या तर दोन्ही बाजूंना मॅनेज्ड (सेटिंग करता येणारे) स्विच हवेत आणि त्यांत लिंक ॲग्रिगेशनचं (दोन केबल एकच लाइन म्हणून वापरण्याचं) सेटिंग करावं लागतं. तेव्हाही एकाच फाइलची कॉपी दुप्पट वेगाने होत नाही.

रंगांची चूक सगळ्यात फसवी, कारण केबल टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. साधा टेस्टर वायर तुटलेली नाही एवढंच सांगतो. आतल्या वायरी जोडीजोडीने पिळलेल्या असतात, त्या पिळामुळे एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरत नाही. स्विच कनेक्टरच्या ३ आणि ६ या पिना एक जोडी म्हणून वापरतो. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने लावल्या, तर तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली वायर येते आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. पिळाचा उपयोगच गेला. दोन-तीन मीटरवर चालेलही, पण ऑफिसपासून लूमच्या शेडपर्यंत ओढली की लिंक तुटत राहते.

बरोबर क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. दोन्हीकडे गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) पोर्ट असून लिंक १०० मेगाबिटवरच अडकली, तर बहुतेक वेळा चौथी-पाचवी किंवा सातवी-आठवी वायर नीट बसलेली नसते. १०० ला चार वायरी पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. स्विच बदलायच्या आधी कनेक्टर कापा आणि नवीन मारा.