कोशिंबिरीला सुटलेले पाणी

नाशिकमध्ये जेवायला बोलावलेले पाहुणे वेळेवर येत नाहीत आणि मीठ लागलेली काकडी कोणासाठी थांबत नाही, या दोहोंच्या मध्ये माझ्या रविवारच्या दुपारचे दरवेळी भरीत होते. "द्वारकेपर्यंत आलोय, पाने घ्या," असा फोन आला की आई चोचवलेल्या काकडीत दाण्याचे कूट, दही आणि मीठ घालून वर फोडणी देते. परंतु द्वारका चौकातील वाहतुकीला आमच्या कोशिंबिरीचे सोयरसुतक नसल्याने पाहुणे दारात येईतो पातेल्यात कूट पोहू लागलेले असते. मग "मीठ घालायची घाई कोणी केली?" या प्रश्नाला, मिठाला हात न लावताही, मलाच उत्तर द्यावे लागते.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. तिच्या पेशींभोवतीचे पटल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असून ते पाण्याला वाट देते, मिठाला मात्र सहजासहजी देत नाही. त्यामुळे बाहेर खारट द्रावण झाले की परासरणाने, म्हणजे पटलातून अधिक खारट किंवा गोड बाजूकडे जाण्याच्या पाण्याच्या खोडीने, आतले पाणी तिकडे धावते आणि फुगलेली पेशी ढिली पडते. या पटलात खास पाण्यासाठी प्रथिनांच्या वाटा असतात. त्या शोधणाऱ्या पीटर ॲग्र यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अशा एका वाटेने सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तूच उभा राहा तिथे झारा घेऊन."

निफाडच्या मामांचे दुखणे नेमके उलटे आहे. द्राक्षे गोडीवर आली असताना अवकाळी पाऊस झाला, की साखरेने भरलेल्या मण्यात सालीतून पाणी शिरते आणि मणी तडकतात; त्यामुळे आमच्या वाडगाभर पाण्याचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडण्याची सोय नाही. आपल्या शरीरातील पेशी पटलातल्या पंपाने, ऊर्जा खर्चून, दर खेपेला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे २ आत घेतात, पण पाण्याला असा पंप नसतो. ते मिठासाखरेच्या मागे जाते.

अखेर आईने कोशिंबीर अळणी वाढून मीठ पाहुण्यांच्या हाती सोपवले. त्यांनी ते लगेच कालवले, मग गंगापूर रोडवरील फ्लॅटचे भाव सांगत बसले, आणि पाणी शेजारच्या चटणीत शिरल्यावर मला म्हणाले, "काकडी धुऊन निथळली नव्हती वाटतं?"