लाल ओळ दिसली म्हणजे कर्नल बिघडला?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्याने नोंदवलेले संदेश डीमेसेज या आज्ञेने वाचता येतात. त्यावरून सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक सल्ला सध्या बराच फिरतोय: ‘डीमेसेजमध्ये लाल ओळ दिसली की कर्नल बिघडला समजा. ओळीत जिचं नाव, तीच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) दोषी. संदेश बंद करा, नाहीतर सरळ रीबूट मारा.’

आधी लाल रंग. तो कर्नल देत नाही, डीमेसेज देतं. लिनक्स कर्नल ओळीला फक्त ० ते ७ पैकी एक पातळी लावतो. ० सर्वांत गंभीर. ‘सेगफॉल्ट’ची, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातल्याची, ओळ एरवी ६ व्या पातळीची, म्हणजे निव्वळ माहितीची. डीमेसेज मात्र तो शब्द ओळखून ती लाल रंगवतं. कोसळलेला असतो आपला प्रोग्रॅम, कर्नल फक्त पंचनामा लिहितो. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवर त्यात ‘एरर ४’ असेल तर प्रोग्रॅम मेमरीतल्या नसलेल्या पानावरून (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) वाचायला गेला होता, ‘एरर ६’ असेल तर लिहायला.

‘जिचं नाव ती दोषी’ यात तर जुने जाणतेही फसतात. मेमरी संपल्यावर कर्नलचा ओओएम-किलर एखादी प्रोसेस मारून जागा करतो आणि कर्नल दोन नावं छापतो. ‘इन्व्होक्ड ओओएम-किलर’समोरची प्रोसेस फक्त नेमक्या त्या क्षणी मेमरी मागत होती. ‘किल्ड प्रोसेस’समोरची मारली गेली, कारण कोणाला मारायचं हे ठरवणारा तिचा स्कोअर सर्वांत जास्त होता; बहुधा बिचारा डेटाबेस. गळती तिसरीकडेच असू शकते. ती शोधायची या दोन नावांच्या मधे छापलेल्या प्रोसेसच्या तक्त्यात, आणि तिथले आरएसएसचे (प्रत्येकीने प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचे) आकडे किलोबाइटमध्ये नाहीत, पानांत आहेत, एक पान बहुतेक ४ केबीचं. हे विसरून हिशेब केला की तो चौपट चुकतो. शिवाय ओळ ‘मेमरी सीग्रुप’ने सुरू होत असेल, तर यंत्रात मेमरी भरपूर असूनही एका कंटेनरला (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमला) आखून दिलेली मर्यादा संपलेली असू शकते.

संदेश बंद करण्याचा मोह ‘१२० सेकंदांहून जास्त अडकली’ या तक्रारीला होतो, कारण ती बंद कशी करायची हे कर्नल स्वतःच खाली छापतो. पण प्रोसेस अडकलेलीच राहते, बहुधा डिस्कची किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या फाइलींची) वाट बघत. आणि गंमत म्हणजे अशा १० तक्रारींनंतर कर्नल मुळातच गप्प बसतो. शांतता झाली म्हणून दुरुस्ती झाली असं नाही.

रीबूट? कर्नलचे संदेश साठवणारा बफर मेमरीत असतो. जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, डिस्कवर ठेवलं नसेल, तर यंत्र परत उठेपर्यंत पुरावा गेलेला असतो. रीबूट मारायचंच असेल तर आधी डीमेसेजचा मजकूर एका फाइलीत काढून दुसऱ्या यंत्रावर टाका.