येरळेचे उतार कुठं गेले?

दर निवडणुकीला आमच्या भागात "येरळेवर पूल द्या" ही मागणी होते. पूल हवाच. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसं ज्या उतारांवरून नदी ओलांडत होती, ते उतार कुणी घालवले, हे कुणीच विचारत नाही.

येरळा खटाव तालुक्यात मोळच्या डोंगरात उगम पावते. पुसेगाव, खटाव, वडूज करत सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेत मिसळते. दुष्काळी पट्ट्यातली नदी. इथं होडीचं काम नव्हतं, उतार पुरायचा. पात्र रुंद होऊन पाणी पसरतं आणि तळाला वाळूचा जाड थर असतो, तिथं गाडीवाट उतरायची.

पाणी गढूळ असलं की आमचे आबा गाडी काठावर थांबवून एकटेच काठी टेकत पैलतीरापर्यंत जाऊन यायचे. काठी कुठं किती रुतते ते बघायचे, मगच बैलांना हाक. उन्हाळ्यात त्याच जागी आज्जी हातानं झरा उकरायची. कोपरापर्यंत हात गेला की पाणी पाझरायचं. पहिलं गढूळ वाटीनं उपसून टाकायचं, थोडं थांबायचं, मग निवळशंख पाण्यानं घागर भरायची.

ती वाळू रात्री-अपरात्री ट्रॅक्टरनं गेली. आता उताराच्या जागी खड्डे आहेत. वरून पाणी सपाट दिसतं, आत पुरुषभर खोल. आमच्या फरशी पुलाचंही, म्हणजे नळ्यांवर फरशी टाकलेल्या बुटक्या पुलाचंही, तेच झालं. खालच्या अंगाची वाळू गेली, फरशीवरून पडणारं पाणी तळ खणत राहिलं आणि पाया उघडा पडला. नळ्यांत बाभळीच्या फांद्या अडकल्या की पाणी फरशीवरून वाहतं, वाट बंद होते आणि पोरांची शाळा बुडते.

ब्रह्मनाळकडची गोष्ट वेगळी. तिथं कृष्णा फुगली की येरळेचं पाणी मागं दाबतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं बोट उलटून माणसं गेली, ते आठवलं की अजून गळा दाटून येतो. तिथं उंच, पुरात न बुडणारी वाटच हवी.

पण वरच्या अंगाला आधी वाळू राखा. याच येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांना अडवलं, स्वतः मोजकीच वाळू विकली आणि त्या पैशाचा हातभार लावून बळीराजा धरण उभं केलं. म्हणजे वाळूचा हिशेब गावाला ठेवता येतो. येत्या ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे: उताराच्या आणि फरशीच्या वर-खाली एक पाटीसुद्धा वाळू उचलायची नाही, आणि पावसाळ्याआधी नळ्या गावानं मोकळ्या करायच्या. नदीकाठच्या प्रत्येकानं त्या दिवशी यावं.