'रॅप्सडी इन ब्लू' गर्श्विनचीच आहे, आणि जॅझने हात बिघडत नाही

सांगली-मिरजेतल्या पियानो-कीबोर्ड शिकवणाऱ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो आहे. त्यातले मुद्दे असे: अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनला नोटेशन धड येत नव्हतं, 'रॅप्सडी इन ब्लू' ही पियानो आणि जॅझ बँडसाठीची त्याची गाजलेली रचना त्याला फेर्डे ग्रोफेने लिहून दिली, कुवत नाही म्हणून फ्रेंच संगीतकार रॅव्हेलने त्याला शिकवायला नकार दिला, आणि जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं असल्यामुळे पाश्चात्त्य क्लासिकल शिकणाऱ्या मुलाचा हात त्याने बिघडतो. शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून घरोघरी जॅझची पुस्तकं कपाटात जातात, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

ग्रोफेचं नाव खरं आहे, पण त्याने काय केलं ते नीट पाहायला हवं. जानेवारी १९२४ मध्ये गर्श्विनने ही रचना दोन पियानोंसाठी लिहायला घेतली. एका पियानोवर एकल वादन, दुसऱ्यावर वाद्यवृंदाने वाजवायचा भाग. पानं तयार होतील तशी ग्रोफेकडे जात आणि तो ती पॉल व्हाइटमनच्या बँडमधल्या वाद्यांना वाटून देई: ही ओळ सॅक्सोफोनला, ही ट्रॉम्बोनला. १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये कार्यक्रम ठरलेला, हातात जेमतेम पाच आठवडे, आणि त्या बँडमधला कोण काय वाजवू शकतो हे ग्रोफेला तोंडपाठ. चाल एकाची आणि संयोजन दुसऱ्याचं ही रीत आपल्या चित्रपटसंगीतात रोजची आहे. संयोजकाचं नाव मानाने घ्यावं, पण चाल त्याची होत नाही. धून, हार्मनी (धुनेखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची साथ) आणि पियानोचा भाग गर्श्विनचा.

सुरुवातीची क्लॅरिनेटची मींड तेवढी कागदावर नव्हती. तिथे सुट्या स्वरांची चढती सरगम होती. तालमीत वादक रॉस गॉर्मनने ती घसरत वर नेली, आणि गर्श्विनने ती तशीच ठेवायला सांगितली. पहिल्या प्रयोगात एकल पियानोचा काही भाग त्याने लिहिलेलाच नव्हता. तो आयत्या वेळी वाजवला आणि बँडने कधी उचलायचं ते त्याच्या मान हलवण्यावर ठरलेलं होतं.

आता त्यापुढची कामं पाहा, कारण हा मजकूर १९२४ पाशीच थांबतो. 'कॉन्चेर्टो इन एफ' (कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना; ३ डिसेंबर १९२५, कार्नेगी हॉल) याचं वाद्यसंयोजन गर्श्विनने स्वतः केलं. पहिल्या प्रयोगाआधी पदरचे पैसे घालून वाद्यवृंद बोलावला, सगळं एकदा वाजवून पाहिलं आणि मग काटछाट केली. 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' (१९२८) त्याचंच संयोजन, टॅक्सीच्या चार भोंग्यांसकट. 'पोर्गी अँड बेस' (१९३५) हा अख्खा ऑपेरा, त्याच्या संयोजनालाच काही महिने गेले, तेही त्याच्या हातचं. एका कामात संयोजक घेतला एवढ्यावरून माणूस अडाणी ठरवायचा असेल तर ही तीन कामं कुठे ठेवायची?

नोटेशन येत नव्हतं हे तर टिकतच नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो गाणी छापणाऱ्या रेमिक कंपनीत लागला. काम काय, तर येईल त्या गायकाला छापील गाणं पियानोवर वाजवून दाखवायचं, हवं तर दुसऱ्या पट्टीत. वाचन नसलेल्या माणसाला हे जमणार नाही. त्याच काळात तो चार्ल्स हॅम्बित्झरकडे शोपँ, लिस्ट, दब्युसी शिकत होता, पुढे एडवर्ड किलेनीकडे हार्मनी. तिशी उलटल्यावरही त्याने जोसेफ शिलिंगरकडे शिकवणी लावली.

रॅव्हेलने नकार दिला हे खरं, १९२८ साली. पण कारण उलटं होतं: आपल्याकडे शिकून याची सहज येणारी धून जाईल आणि हा दुय्यम दर्जाचा रॅव्हेल होऊन बसेल, अशी त्याला भीती वाटली. त्यानंतर रॅव्हेलने लिहिलेल्या जी मेजरमधल्या पियानो कॉन्चेर्टोत जॅझची छाया उघड ऐकू येते.

या मजकुरात जे नाही ते आम्हाला जास्त खटकतं. गर्श्विनने जॅझचा ठेका कुठून उचलला? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय पियानिस्टांकडून: जेम्स पी. जॉन्सन, विली 'द लायन' स्मिथ, लकी रॉबर्ट्स. जॉन्सनने स्वतः 'यामेक्रॉ' नावाची मोठी रॅप्सडी लिहिली, ती १९२८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झाली, पियानोवर फॅट्स वॉलर होता. गर्श्विनवर टीका करायची असेल तर इथे जागा आहे: नाव एकाचं झालं, आणि ज्यांच्याकडून घेतलं ते मागे राहिले.

'मनाला येईल ते' यावर एक उदाहरण पुरे. गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम' (१९३०) या गाण्याच्या हार्मनीवर जॅझवाले आजही वाजवतात. बत्तीस मात्रांचं नव्हे, बत्तीस बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) आवर्तन, आठ-आठचे चार भाग. तिसऱ्या भागात बी फ्लॅट पट्टीत डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन या कॉर्ड, प्रत्येकी दोन बार. डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डचे दोनच स्वर धरा: सी आणि एफ शार्प, मग बी आणि एफ, मग बी फ्लॅट आणि ई, मग ए आणि ई फ्लॅट. दोन्ही बोटं दरवेळी अर्धा स्वर खाली येतात. उजवा हात मोकळा असतो, पण तो या चौकटीत. बार मोजायचा चुकला की पुढचा वादक दुसऱ्याच भागात असतो आणि सम गेल्यासारखं सगळ्यांना कळतं.

ब्लू नोट, म्हणजे ब्लूज गाण्यांतला दोन कळांच्या मधला स्वर, त्याचंही तसंच. काळी पाच सा धरला तर कोमल ग काळी एक, शुद्ध ग पांढरी दोन. ब्लूज गाणारा या दोहोंच्या मधे उभा राहतो. पियानोवर ती जागा नाही, म्हणून काळी एकवरून बोट पांढरी दोनवर घसरवतात. पेटीवाल्यांना ही अडचण ओळखीची आहे. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींवर १९१० साली पुस्तक काढलं ते बारा स्वरांत न मावणाऱ्या अशाच जागांपायी.

हात बिघडतो तो जॅझने नव्हे, पेडलने (स्वर लांबवत ठेवणाऱ्या पायातल्या दांडीने) आणि ताठ मनगटाने. शोपँची सवय असलेला विद्यार्थी पेडल दाबूनच ठेवतो आणि ठेका चिखलात जातो. खुद्द गर्श्विनने १९३२ च्या आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत हे वाजवणं तुटक, टोकदार हवं आणि पेडल जपून वापरा असं बजावलं आहे. म्हणून पहिले काही आठवडे पेडलविना. वेग मिनिटाला १२० मात्रा हवा असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. पहिल्यावर धराल तर सगळं कवायतीसारखं वाजेल. स्विंगचे, म्हणजे जॅझच्या झुलत्या चालीचे, जोडस्वर (पहिला लांब, दुसरा आखूड) मध्यम लयीत साधारण दोनास एक, लय वाढेल तसे समान होत जातात. 'रॅप्सडी'ला मात्र हा स्विंग सरसकट लावू नका, ती जवळपास सरळच चालते. ६१ कळांच्या कीबोर्डवर ती पुरी मावत नाही, आणि दाबाप्रमाणे आवाज न बदलणाऱ्या कीबोर्डवर तुटक स्वरांतला जोर ऐकूच येत नाही. मग मूल बोटांऐवजी खांद्याने बडवायला लागतं. दंड दुखायला लागले की तिथेच थांबवा आणि तोच तुकडा निम्म्या लयीत, मनगट सैल सोडून घ्या.