दिवाणातली बारोलो

२०१५ साली आमच्या वास्तुशांतीला पाच भिंतीवरची घड्याळं, तीन गणपती आणि एक बाटली असा आहेर आला. घड्याळं आम्ही पुढच्या पाच वास्तुशांतींना मार्गी लावली. बाटलीचं तसं करता येईना. ती देताना साडूने माझे दोन्ही हात हातात घेतले होते आणि मुलगी सासरी पाठवताना बापाचा होतो तसा आवाज करून म्हणाला होता, "बारोलो आहे. २०१० ची. साल फार चांगलं होतं. आता दहा वर्षं हात लावायचा नाही."

साडू इटलीत तुरीनला मोटारींच्या कामात आहे. तिथून दक्षिणेला टेकड्यांमध्ये बारोलो नावाचं गाव, तिथलं नेब्बिओलो नावाचं द्राक्ष. हे द्राक्ष उशिरा पिकतं, ऑक्टोबरात धुकं उतरलं तरी वेलीवरच असतं. त्याची वाइन कायद्यानेच ३८ महिने बाहेर काढता येत नाही, त्यातले १८ लाकडी पिंपात. म्हणजे तीन वर्षांवर काळ तिला इटलीच्या सरकारने थोपवून धरली होती. पुढची दहा वर्षं मी धरायची.

"अंधारात ठेवा. आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. हादरे नकोत. आणि तापमान बारा ते चौदा." हे त्याने पुण्यात, मे महिन्यात, घाम पुसत सांगितलं.

फ्रिजमध्ये ठेवली तर कोरड्या थंडीने बूच आक्रसतं म्हणे. शिवाय आमच्या फ्रिजमध्ये आंबवलेलं पीठ, लसणाची चटणी आणि आईची सत्ता. शेवटी अंधार, आडवेपणा आणि शांतता एकत्र मिळेल अशी घरात एकच जागा निघाली, दिवाणाचं पोट. तिथे रजया, बायकोची लग्नातली पैठणी आणि डांबरगोळ्या होत्या. पैठणीशेजारी बारोलो निजवली.

आईला वाइनचा तिटकारा, पण तत्त्व तिला आमच्यापेक्षा आधी कळलं. "मुरायला ठेवलंय म्हण की." तिच्याकडे २००९ चं लिंबाचं लोणचं आहे. काळंभोर झालंय आणि तापात तोंडाला चव नसली की बोटभरच मिळतं. तिने मला नियम सांगितले. सारखं उघडून बघायचं नाही, ओला हात लावायचा नाही, आणि येईल-जाईल त्याला दाखवायचं नाही. मी नेमका तिसरा मोडला. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाल्यावर सोसायटीतल्या सहा जणांनी फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यातल्या दोघांशी त्याआधी माझं बोलणंही नव्हतं.

अखेर गेल्या थंडीत साडू सपत्नीक आला. त्याच्या फोनवरच्या हुकमानुसार बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवली होती, साका तळाशी बसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती ओल्या फडक्याने लख्ख पुसली आणि नीट आडवी करून ठेवली. हे साडूला अजून माहीत नाही.

बूच अर्धं आलं, अर्धं तुटलं. अप्पा म्हणाले, "ढकल आत." साडूने डोळे मिटले. मी ढकललं.

मग ओतण्याचा विधी. बाटलीच्या मानेखाली ज्योत धरायची आणि साका मानेशी आला की थांबायचं. मी निरंजन आणायला उठलो. आईने नुसतं पाहिलं. मी मोबाइलचा टॉर्च लावला. चहाचं गाळणं आणू का, असं बायकोने विचारलं तेव्हा साडू पहिल्यांदा खुर्चीत बसला. ओतली पन्ह्याच्या जगमध्ये. आता तासभर हवा लागू दे म्हणाला. त्या तासात आम्ही दोन ताटं कांदाभजी संपवली आणि भज्यांनी जीभ मेल्याबद्दल बोलणी खाल्ली.

रंग पाहून माझं तोंड पडलं. दहा वर्षं मी गडद लाल काहीतरी डोळ्यांसमोर धरून होतो. ही विटकरी, कडेला नारिंगी. "आमसुलाचं सरबत पातळ झालंय," बायको म्हणाली. साडू म्हणाला, हेच तर वय.

त्याने दाखवल्यासारखा पेला गरगर फिरवला. थोडी बारोलो टेबलक्लॉथला मिळाली. मग घोट तोंडात धरून वरून हवा ओढायची, आवाजासकट. लहानपणी ज्या आवाजाबद्दल मी मार खाल्लाय तोच हा आवाज. मला जमेना. अप्पांनी मात्र पेला बशीत ओतला, बशी ओठाला लावली आणि फुर्रर्र करून असा भुरका मारला की साडू उठून उभा राहिला. "अहो, हीच पद्धत! तिकडे शिकायला पैसे मोजतात!" जाणकार नंतर घोट थुंकूनही टाकतात, हे ऐकल्यावर अप्पांनी बशी दोन्ही हातांनी धरली.

चव? वाइनवाले ज्या टॅनिनवर पानंच्या पानं लिहितात त्याला आपल्याकडे तुरट हा एक शब्द आहे. साडू सांगत होता, कोवळी बारोलो प्याल तर जीभ टाळूला चिकटते, कच्ची सुपारी चघळल्यासारखी. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही साक्यात बसतात, आणि तुरटपणा मऊ होतो. आमचीचा झाला होता. आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसं मागून काहीतरी गोडसर येत होतं आणि जात नव्हतं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या घोटाला मी गप्प झालो.

"वास घ्या," साडू म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "गुलाब. वाळलेला गुलाब. आणि मागून... डांबर! येतंय ना डांबर?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने दिवाणाकडे पाहिलं.

बारोलोला गुलाब आणि डांबराचाच वास येतो, त्याबद्दलच ती नावाजलेली आहे, हे मी रात्री पांघरुणात मोबाइलवर वाचलं. बुचातून बाहेरचा वास आत शिरत नाही, असंही साडू म्हणतो. पण दहा वर्षं रोज त्या गोळ्यांशेजारी निजलेली बाटली मी पाहिलेली आहे, त्याने नाही.

महिन्याभराने भाचीच्या लग्नासाठी पैठणी निघाली. बायकोने पदर माझ्या नाकापुढे धरला. "नीट सांग. गुलाब येतोय?" मी डोळे मिटून, पदर जरा फिरवून, लांब श्वास घेतला. गुलाब नव्हता.

"म्हणजे गुलाब तरी इटलीचा," ती म्हणाली आणि पैठणी उन्हात टाकायला घेऊन गेली.