कापोएराचे पहिले तीन महिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपण सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. कापोएरा या ब्राझीलमधल्या आफ्रिकी गुलामांत वाढलेल्या, संगीतावर खेळायच्या लढाऊ कलेत नवशिक्याने पहिले तीन महिने जिंगा (म्हणजे सतत डोलत राहण्याची मूळ पदचाल), बचावाच्या हालचाली आणि ताल यांना द्यावेत, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की कापोएरा ही युद्धकला असेल तर लाथा आधी शिकवायला हव्यात. टाळ्या, गाणी आणि बेरिंबाउ (धनुष्यासारखे एकतारी वाद्य) म्हणजे निव्वळ ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असून त्यात शिकणाऱ्याचा वेळ आणि पैसा वाया जातो, असेही आपले म्हणणे आहे. वर्गाला जाऊ लागल्यापासून आपली मनगटे दुखतात, हेही आपण लिहिले आहे.

हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्यासाठी मी कापोएराचे नामवंत गुरू मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिम्बांचेच उदाहरण देतो, कारण कापोएरा लढण्याच्या कामी यावी हा आग्रह त्यांच्याइतका क्वचितच कोणी धरला असेल. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी संपली आणि १८९०च्या दंडसंहितेने रस्त्यावर कापोएरा करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. त्या कलंकातून ही विद्या बाहेर काढत बिम्बांनी १९३२ साली बाहिया राज्यातल्या साल्वादोर शहरात आपली शाळा उघडली, आणि १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळवली. कापोएराची लढाऊ धार बोथट होत चालली आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी बाहियातल्या बातुकी या झुंजीच्या खेळातले डाव उचलले, जोडीने करायच्या हल्ल्या-बचावाच्या आठ मालिका बांधल्या आणि शिकवण्याला शिस्त लावली. इतके सगळे बदलणाऱ्या या माणसाने बेरिंबाउ मात्र हलवला नाही. एक बेरिंबाउ आणि दोन पांदेरो (खंजिरीसारखी वाद्ये), एवढ्या वाद्यांवर त्यांचा रोदा, म्हणजे ज्या वर्तुळात दोघे खेळतात ते वर्तुळ, चाले. नव्या विद्यार्थ्याला जिंगा शिकवताना ते समोर उभे राहून त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरत, ही त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे.

जिंगा आणि ताल आधी का, हे एका लाथेवरून पाहू. मेया लुआ दि कॉम्पासोमध्ये समोरचा कमरेत वाकून हात जमिनीवर टेकतो आणि मागच्या पायाची टाच डोक्याच्या उंचीवरून गोल फिरवतो. ही टाच अडवायला जाणाऱ्याचा हात मोडू शकतो. म्हणून लाथ ज्या दिशेने येते त्याच दिशेने, तिच्याखालून सरकायचे असते, आणि ती डोक्यावरून निघून जाताच मोकळ्या झालेल्या जागेत शिरायचे असते. ही सरकण्याची वेळ अर्धा क्षण चुकली, तर टाच कानशिलावर बसते. ती वेळ साधते जिंगामुळे. एक पाय मागे जातो, त्याच बाजूचा हात चेहऱ्यासमोर येतो, गुडघे वाकलेले राहतात आणि शरीर कधीच एका जागी थांबत नाही. त्यामुळे कुठल्याही क्षणी खाली बसणे किंवा बाजूला जाणे शक्य असते. आणि दोघांचेही पाय एकाच तालावर पडत असल्यामुळे समोरच्याची चाल थोडी आधी कळते. उजव्या पायाने उंच लाथ मारणारा, पण जिंगात ताठ उभा राहणारा विद्यार्थी स्वतःलाही धोका असतो आणि जोडीदारालाही. म्हणून मी लाथा नंतर ठेवल्या.

गाण्याबद्दलही हेच म्हणेन. रोद्यात खेळ सुरू करणे, थांबवणे, त्याची गती वाढवणे, हे गुंगा नावाचा मोठा बेरिंबाउ वाजवणाऱ्याच्या हाती असते. खेळ तापला, की तो ताल उतरवतो किंवा खेळाडूंना आपल्यापाशी बोलावून घेतो. ज्याला हे ऐकू येत नाही, तो तापलेल्या खेळात तसाच लाथा फेकत राहतो. मेस्त्रे पास्तिन्यांनी १९४१ साली साल्वादोरमध्येच सुरू केलेल्या आंगोला या कापोएराच्या जुन्या परंपरेच्या शाळेत तर खेळ संथ आणि जमिनीलगत असतो. तिथे तीन बेरिंबाउंचे ऐकल्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही.

आपल्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. तीन महिन्यांत रस्त्यावर स्वतःचे रक्षण करता यावे, एवढाच हेतू असेल, तर बॉक्सिंग किंवा ज्यूदो शिकावे. कापोएरा त्यासाठी फार सावकाश फळते. आणि आपण म्हणता तसे वर्गात महिनोन्‌महिने फक्त टाळ्या आणि रांगेतला सराव होत असेल, जोडीदार मिळतच नसेल, तर तो वर्ग सोडावा. पहिल्या महिन्यातच कुणाच्या तरी संथ लाथेखालून कोकोरिन्यात (उकिडवे बसून करायच्या बचावात) बसता आले पाहिजे, आणि शिक्षकाने नवशिक्यांसाठी सौम्य रोदा भरवला पाहिजे. शाळा निवडताना मी तरी हेच आधी पाहतो.

मनगटांचे म्हणाल, तर आउ (हातांवर घेतलेली कोलांटी, कार्टव्हील) करताना बोटे पसरून तळवा पूर्ण टेकवा, आणि वजन तळव्याच्या फक्त टाचेवर न घेता बोटांच्या मुळांवरही वाटून घ्या. दुखणे थांबेपर्यंत आउ बंद ठेवून जिंगा आणि एस्कीव्हाच (वार चुकवण्याच्या हालचाली) करा. आठवडाभरात फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.